झाकलेलं ताट

परतूरच्या आमच्या दवाखान्यात स्टीलचा एक पाच पुडांचा डबा होता. वर्षानुवर्षं तो या खोलीतून त्या खोलीत फिरत असे, पण त्यात कधी कुणाचं जेवण आलं नाही.

मी तिथल्या लॅबमध्ये नवीन लागले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी जालन्याची. वडील कचेरीत, आई शाळेत, घरात सगळं घड्याळाच्या काट्यावर. पहिल्याच दिवशी सकाळची गाडी पकडायच्या गडबडीत माझा डबा घरीच राहिला. दुपारी दीडच्या सुमाराला पोटात कावळे ओरडायला लागले आणि समोर ओट्यावर तो चकचकीत डबा दिसला. आसपास कुणी नव्हतं. नुसतं बघू तरी, असं स्वतःला सांगत मी वरचं पूड उघडलं. आत काचेच्या दोन चपट्या, झाकणाच्या बशा होत्या आणि बशांमध्ये हिरवंगार, लुसलुशीत काहीतरी दाटून आलेलं होतं.

"पालकाची भाजी न्हाई ती," मागून आवाज आला. "दोन नंबर वॉर्डातली हवा हाय. ठेव खाली."

बाईंची आणि माझी ही पहिली भेट. बाई म्हणजे आमच्या लॅबच्या मुख्य. उंच, हाडापेराने दणकट, सुती साडीवर पांढरा कोट, पायात पुरुषी चपला. सगळा दवाखाना त्यांना समोर बाई म्हणायचा आणि पाठीमागे बुरशीबाई. त्यांना दोन्ही नावं माहीत होती. एकदा फोनवर पलीकडच्या माणसाला ओळख पटेना, तेव्हा त्यांनीच वैतागून सांगितलं, "अहो, बुरशीबाई बोलून राह्यले," आणि काम दोन मिनिटांत झालं.

रक्त-लघवी तपासणं हे त्यांचं पगाराचं काम. ते त्या चोख करायच्या, पण त्यात जीव नव्हता. त्यांचा जीव होता हवेत. हवेत बुरशीची बारीक बी तरंगत असते. धडधाकट माणूस ती दिवसभर नाकातोंडातून घेतो आणि त्याला काही होत नाही. पण ऑपरेशनसाठी उघडलेल्या डोळ्यात तीच बी पडली, तर डोळा जाऊ शकतो. आमच्याकडे मोतीबिंदूची ऑपरेशनं होत. घनसावंगी, अंबडपर्यंतची म्हातारी माणसं येत. म्हणून बाई दर बुधवारी थिएटरात आणि वॉर्डांत त्या काचेच्या बशा मांडायच्या. बशीत बुरशीला आवडणारी गोड जेली असते. झाकण काढून तासभर ठेवायची, मग झाकून थंड कपाटात सांभाळायची. हवेतून जी बी पडली असेल ती आठवडाभरात वर येते. बशा त्या डब्यात बरोबर बसत, म्हणून हा डबा.

या कामाला बाईंचा शब्द होता, ताट मांडणं. "हवेला जेवाया बसवायचं. मंग कोन कोन आलं ते आपोआप दिसतंय," असं त्या म्हणायच्या. ताट मांडलं की स्वतः दारात स्टुलावर बसायच्या आणि तो तासभर कुणाची आतबाहेर करायची टाप नव्हती. एकदा दवाखान्याच्या अध्यक्षांना त्यांनी बोटानेच थांबवलं. अध्यक्षही बिचारे पाहुण्यांसकट व्हरांड्यात तिष्ठत उभे राहिले.

आठ दिवसांनी मोजणी. तो प्रकार ऐकण्यासारखा असे. बाई तीर्थपुरीकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. त्या घरात विज्ञान शिकलेल्या त्या पहिल्या. बशीतले ठिपके त्या मेंढरांसारखे मोजायच्या. "बारा हायत. सात हिरव्या, चार काळ्या, एक पांढरी. ही काळी मागच्या म्हैन्यात तीन नंबरला आल्ती, बराबर तीच. पुन्हा कशी आली?" मग त्या काळीचा माग काढत वॉर्डभर हिंडायच्या. कधी ती कूलरच्या जाळीत सापडायची, कधी गळक्या नळामागे. सापडली की बाईंचा चेहरा असा उजळायचा, जसं हरवलेलं जनावरच घरी आलं.

त्यांचं नाक हा तर दवाखान्यात दंतकथेचा विषय होता. ओल त्यांना दिसायच्या आधी वासाने कळायची. लहानपणापासून ओल्या घोंगड्यांत वाढल्याने असेल. त्या सांगायच्या, "माझी आई घोंगड्याला हात न लावता सांगायची, याला उद्या बुरशी येनार, उन्हात टाक." एकदा जालन्याला आमच्या घरी आल्या. आईने हौसेनं पोहे केले. बाई एक घास खाऊन थांबल्या, मान वर केली आणि म्हणाल्या, "वैनी, वाईट वाटून घेऊ नका, पर तुमच्या त्या लोखंडी कपाटामागं भिंत वल्ली हाय." आईला वाईटच वाटलं. बाई गेल्यावर तिने वडिलांना कपाट सरकवायला लावलं. मागची भिंत कमरेपर्यंत काळी होती. तेव्हापासून आई त्यांचं नाव काढलं की आधी पदर सावरायची.

पण या नाकावर बाई स्वतः कधी विसंबल्या नाहीत, हे मला फार नंतर उमगलं. मी एकदा म्हटलं, "बाई, तुम्हाला वासावरून कळतंच की. मग ताटं कशाला?"

"माझं नाक खोटं बोलत न्हाई," त्या म्हणाल्या. "पर नाकाला सही करता येत न्हाई."

आणि प्रत्येक मोजणीखाली त्या रजिस्टरात सही करायच्या, पूर्ण नाव, अक्षर न अक्षर सुटं. माझ्या सहीला मात्र त्या रजिस्टरात जागा नव्हती. मी विचारलं तर म्हणायच्या, "वेळ हाय अजून."

त्यांची भांडणं सांगायला बसले तर संध्याकाळ होईल. पुठ्ठ्याची खोकी त्यांना बिलकुल खपत नसत. पुठ्ठा ओल पितो, म्हणून औषधांची खोकी स्टोअरच्या दारातच रिकामी करायला लावायच्या. स्टोअरवाला त्यांना बघून मागच्या दाराने पळायचा. महिला दिनाला कुणीतरी हौसेनं आयसीयूत कुंडी ठेवली. ती दुसऱ्या मिनिटाला बाईंच्या कडेवर बसून बाहेर आली. मी एकदा न्हाऊन ओल्या वेणीने कामावर आले, तर मला वीस मिनिटं गच्चीवर उन्हात उभं केलं. "वाळल्याबिगर खाली यायचं न्हाई." मे महिन्यातलं परतूरचं ऊन. वेणी पाचव्या मिनिटाला वाळली होती, पण खाली यायची माझी हिंमत झाली नाही.

खंडेनवमीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. दवाखान्यात त्या दिवशी थिएटरातल्या हत्यारांची पूजा व्हायची. झेंडू, आंब्याची पानं, नारळ, सगळं थेट ऑपरेशनच्या टेबलावर. त्याआधी कुणी कधी हरकत घेतली नव्हती. कोण घेणार? देवाचं काम. बाईंनीही घेतली नाही. त्यांनी पूजेआधी एक ताट मांडलं आणि पूजा झाल्यावर एक. आठ दिवसांनी दोन्ही बशा थिएटरच्या दाराशी स्टुलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि तोंडातून शब्द काढला नाही. पहिल्या बशीत दोन ठिपके होते. दुसरीत जेली दिसतच नव्हती. पुढच्या वर्षी पूजा व्हरांड्यात झाली आणि नारळ बाईंनीच फोडला. "देव काय थेटरातच बसून राह्यलाय व्हय? व्हरांड्यातबी येतो की," म्हणाल्या, आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

या सगळ्याला एक माणूस मनातून वैतागलेला होता, ते म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर. आठवड्यातून दोनदा जालन्याहून यायचे. हात सोन्याचा, डोकं तापट. बाईंनी "थेटर बंद" म्हटलं की त्यांची ऑपरेशनं पुढे जायची, आणि पेशंट बाईंवर नाही, डॉक्टरांवर चिडायचे. एकदा भर व्हरांड्यात ते म्हणाले, "बाई, आजवर मी ऐकत आलोय. पण एकदा जरी तुमचं ताट खोटं निघालं ना, तर पुन्हा माझ्या थिएटरात पाय ठेवायचा नाही."

"मंजूर," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, केवढा हा विश्वास. तो विश्वास कशावर होता ते मला तेव्हा धड कळलंच नव्हतं. दर बुधवारी बाई मांडायच्या त्या ताटांबरोबर एक ताट असं असे, की ते उघडायचंच नाही. झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावायची आणि बाकीच्यांबरोबर फक्त फिरवायचं, बाकीच्यांबरोबर कपाटात ठेवायचं. त्याला जेवायला कुणी यायचंच नाही, म्हणून ते कोरं राहिलं पाहिजे. "ह्याच्यात काय उगवलं," त्यांनी मला एकदा शिकवलं होतं, "तर समजायचं पाव्हना बाहेरून न्हाई आला. आपल्याच घरातला हाय." मी मान डोलावली होती. सगळ्या नवीन लोकांसारखी.

माझं तिथलं दुसरं वर्ष. मी कंत्राटावर होते आणि कंत्राट जूनमध्ये संपत होतं. मेमधल्या एका बुधवारी, त्या खेपेला फक्त थिएटरात, ताटं मांडली आणि गुरुवारी बाईंना सडकून ताप भरला. पडशाने नाक गच्च. तीन दिवस रजा. लॅबची किल्ली माझ्याकडे. मी काय तोऱ्यात होते म्हणून सांगू! आणि त्याच दुपारी थंड कपाट बंद पडलं.

बाहेर त्रेचाळीस. बुरशीची ताटं पंचवीसच्या आसपास लागतात, नाहीतर सगळी मोजणी वाया. मिस्तरी म्हणाला, शनिवारच्या आधी जमणार नाही. बाईंना फोन करावा तर त्या तापात, आणि खरं सांगायचं तर मला मीच निभावून दाखवायचं होतं. आमच्या घरी उन्हाळ्यात माठाला ओलं गोणपाट गुंडाळतात. तीच शक्कल मी लढवली. मोंढ्यातल्या ओळखीच्या धान्याच्या दुकानातून एक पोतं आणलं, पाण्यात भिजवलं, ताटं पत्र्याच्या बिनझाकणाच्या पेटीत रचली आणि पेटीला ते गोणपाट गुंडाळून माठाच्या तिवईखाली ठेवलं. पेटी गार लागली. मी खूश. थर्मामीटर पेटीत मावत नव्हता, म्हणून तक्त्यावर तीन दिवस मी न मोजताच पंचवीस, पंचवीस, पंचवीस लिहिलं. शनिवारी कपाट दुरुस्त झालं, ताटं परत आत गेली, गोणपाट मागच्या खोलीत गेलं आणि बाईंना काही सांगायचं मी टाळलंच. सगळं नीट पार पडलं तर सांगायचं कशाला, असा माझा हिशोब.

सोमवारी बाई आल्या. नाक अजून बंद. ताटं काढली आणि त्यांचा चेहरा उतरला. थिएटरातली पाचही ताटं हिरवी-पिवळी भरून गेली होती. झाकलेलं ताट त्यांनी उजेडाला धरून फिरवून बघितलं. कोरं होतं. त्या सरळ उठल्या आणि थिएटरला कुलूप लावलं.

मंगळवारी अकरा ऑपरेशनं होती. माणसं येऊन वॉर्डात पडली होती. डॉक्टरांनी आकाशपाताळ एक केलं. थिएटर धुतलं, धुरी दिली, भिंती खरवडल्या, आणि बुरशी कुठून आली ते कुणालाच सापडेना. बाई दोन दिवस कोपरान् कोपरा हुंगत हिंडत होत्या आणि बंद नाकाला शिव्या घालत होत्या. माझ्या मनात गोणपाट येऊन गेलं का? आलं. मी ते ढकलून दिलं. झाकलेलं ताट कोरं होतं ना!

बुधवारी सकाळी, सातव्या दिवशी, त्यांनी शेवटची नजर टाकायला ताटं पुन्हा काढली. मी शेजारीच होते. झाकलेल्या ताटात, अगदी कडेला, तीन हिरवे ठिपके होते.

बाई स्टुलावर बसल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "मी नव्हते तवा काय झालं?"

मी सगळं सांगितलं. कपाट, पोतं, न मोजलेले आकडे. रडू फुटलं ते वेगळंच. बाईंनी रडण्याकडे लक्ष दिलं नाही. मागच्या खोलीतून गोणपाट आणायला लावलं, तोवर त्यांचं नाक थोडं मोकळं झालं होतं. एकदाच हुंगलं. "तुरीचं पोतं. वल्लं ठेवलं आन् बुरशी फुटली. वरची ताटं गोणपाटाला चिकटून व्हती, म्हनून तितं आधी शिरली. झाकलेलं सगळ्यात खाली, चिकटपट्टी भिजून सुटेपर्यंत टिकलं बिचारं."

थिएटर स्वच्छ होतं. गेले दोन दिवस उगाच बंद होतं. अकरा म्हातारी माणसं उगाच ताटकळत होती. आणि डॉक्टरांनी सगळ्यांसमोर घातलेली अट माझ्या कानात वाजत होती.

मी म्हटलं, "बाई, हे ताट आपण दोघींनीच बघितलंय. टाकून देऊ. धुरीने बुरशी गेली म्हणू आणि उद्या थिएटर उघडू. कुणाचं काही बिघडत नाही." आज हे लिहिताना माझे कान तापतात, पण मी हे बोलले होते.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: थिएटर निर्दोष. बुरशी प्रयोगशाळेतली. जबाबदार मी. खाली सही, पूर्ण नाव, अक्षर न अक्षर सुटं.

"बाई, माझं नाव..."

"जूनमधी तुझं कंत्राट हाय. आन् किल्ली कुनी दिल्ती तुला? मीच ना? चल."

डॉक्टरांच्या खोलीत त्या सरळ उभ्या राहिल्या, झाकलेलं ताट टेबलावर ठेवलं आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. लॅबमध्ये ओलं गोणपाट वापरलं गेलं, त्याची बुरशी ताटांत शिरली, तुमचं थिएटर साफ आहे, चूक माझी आहे. मी त्यांच्या मागे उभी होते. दोन पावलं पुढे जाऊन तोंड उघडायचं एवढंच होतं. मी गेले नाही. भीती वाटली, दुसरं काही कारण नाही.

डॉक्टरांनी ताट उचलून ते तीन ठिपके निरखले. मग म्हणाले, "हे तुम्ही मला दाखवलं नसतं तर मला कळलं असतं?"

"न्हाई."

"मग का दाखवलं?"

"पुढच्या खेपेला मी बंद करा म्हनले," बाई म्हणाल्या, "तर तुमी कशाच्या भरवशावर ऐकनार?"

डॉक्टर अटीला पक्के निघाले. "आता थिएटरात यायचं नाही," ते म्हणाले. बाई "मंजूर" म्हणाल्या आणि तिथून तडक वॉर्डात गेल्या. अकरा जणांसमोर हात जोडून सांगितलं की, तुमचे दोन दिवस माझ्या चुकीनं गेले. मला वाटलं, आता बाईंचं काही खरं नाही. कोपऱ्यातल्या खाटेवर तीर्थपुरीची एक आजी होती, दोन दिवस म्हशीच्या काळजीने सगळ्यांचं डोकं खाणारी. ती म्हणाली, "म्हशीनं आटवलं असंल दूध तुझ्यापायी."

"असंल," बाई म्हणाल्या.

"आजवर लई दवाखाने केले. चुकलं म्हनाया कोनी खाटंपाशी आलं न्हाई." आजीने डोळे किलकिले करून बाईंच्या दिशेने बघितलं. "मंग उद्या पयला नंबर माझा लाव. जल्दी घरी जायचंय."

दुसऱ्या दिवशी पहिला नंबर तिचाच लागला. पट्टी सोडल्यावर तिने सगळ्यांत आधी बाईंना बोलावून घेतलं आणि चेहरा न्याहाळून म्हणाली, "आवाजावरून मला वाटलं व्हतं गोरी असशील." बाई इतक्या हसल्या की ठसका लागला.

पण त्यानंतरचे दिवस काही हसण्याचे नव्हते. बुरशीबाईची गोणपाटबाई झाली. स्टोअरवाला आता मागच्या दाराने पळत नसे, समोर खोकी रचून गाणी म्हणायचा. बाई खाली मान घालून रक्त तपासायच्या. बुधवारी डबा ओट्यावर नुसता पडून असे. माझं कंत्राट जूनमध्ये वाढलं. तो कागद हातात घेताना मला जराही आनंद झाला नाही. रोज सकाळी गाडीत ठरवायचे, आज डॉक्टरांना जाऊन सांगायचं, आणि परतूरचं स्टेशन येईपर्यंत धीर सुटायचा.

श्रावण संपता संपता डॉक्टर स्वतः लॅबच्या दारात आले. "बाई, बुधवारी ताटं मांडा," एवढंच म्हणाले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं, तीन महिने कुणीच काही सांगत नसताना पेशंटचे डोळे उघडायची त्यांना स्वतःलाच धास्ती वाटायला लागली असावी. बाईंनी ताटं मांडली. सातव्या दिवशी फोन केला, "थेटरात चार काळ्या हायत. बंद करा."

पलीकडून डॉक्टरांनी एकच विचारलं, "झाकलेलं?"

"कोरं."

"बंद करतो."

त्या दिवशी नऊ ऑपरेशनं होती. त्यांनी हूं की चूं केलं नाही. थिएटरच्या छताच्या पट्ट्या काढल्या तेव्हा वर पावसाचं पाणी झिरपून हातभर जागा काळी झालेली निघाली, बरोबर टेबलाच्या डोक्यावर. डॉक्टर खाली उभे राहून वर बघत होते. मग त्यांनी बाईंना चक्क नमस्कार केला, सगळ्या स्टाफदेखत. बाई गडबडल्या. त्यांना नमस्कार घ्यायची सवय नव्हती. "ताटाला करा," म्हणाल्या आणि डबा घेऊन चालत्या झाल्या. तेव्हापासून शेवटपर्यंत त्यांच्या शब्दाला डॉक्टरांनी कधी उलटा प्रश्न केला नाही, फक्त एवढंच विचारायचे, झाकलेलं कोरं आहे ना?

मी त्यांच्या हाताखाली शिकले याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही. जिथे जाते तिथे सांगते. पण सांगताना नेहमी एक जागा गाळून सांगायचे. बाई निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, डबा माझ्याकडे येणार. त्यांनी तो पुसला, पिशवीत घातला आणि घरी नेला. मला काही म्हणाल्या नाहीत. मीही मागितला नाही. मागायला तोंड कुठे होतं?

परवा जालन्यात जिल्ह्यातल्या छोट्या दवाखान्यांतल्या लॅबवाल्यांचं एक दिवसाचं शिबिर झालं. शिकवायला मी होते. बाईंना मी मुद्दाम बोलावलं. त्या आल्या आणि पाहुण्यांच्या खुर्चीवर न बसता शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या, मांडीवर पिशवी. मी झाकलेल्या ताटाची गोष्ट सांगायला लागले. ही मी कितीदा सांगितली असेल. "आणि एकदा लॅबमध्ये ओलं गोणपाट वापरलं गेलं," इथपर्यंत आले आणि शेवटच्या रांगेतले ते दोन डोळे दिसले. वापरलं गेलं! जसं काही ते आपोआप चालत येऊन पेटीला गुंडाळलं होतं.

मी थांबले. मग म्हटलं, "ते गोणपाट मी आणलं होतं. तक्त्यावर खोटे आकडेही मीच लिहिले. ताट फेकून देऊ असंही मीच म्हणाले. बाईंनी स्वतःच्या नावाने सही केली आणि मी त्यांच्या मागे गप्प उभी राहिले. त्यांना लोक गोणपाटबाई म्हणायचे ते माझ्यामुळे."

शेवटच्या रांगेतून बाई उठल्या.

"बुरशीला वर याया सात दिवस लागतात," त्या म्हणाल्या. "तुला नऊ वर्षं लागली."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आल्या, पिशवीतून डबा काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. पाचही पुडं घासून लख्ख केलेली होती.

"घे. आता तुझी सही चालंल."

मला समोरचं काही दिसेना. मी चाचपडत हात पुढे केला, तर बाईंनी डबा तेवढाच मागे ओढला.

"डोळे पूस आधी," त्या म्हणाल्या. "डब्याला वल चालत न्हाई."